चिंतेवर चुंबकाचा उतारा

मोठ्या शहरांतील खाजगी मनोविकार-चिकित्सालयांच्या जाहिरातींत अलीकडे एक नवे आश्वासन वाचावयास मिळते. गोळी नको, इंजेक्शन नको, भूल नको, रुग्णालयात राहणे नको. आरामखुर्चीत वीस-तीस मिनिटे बसा, डोक्याला चुंबकाचे वेटोळे लावून घ्या आणि चिंता, भीती, धडधड यांतून मुक्त व्हा. या उपचाराला 'ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन', संक्षेपाने 'टीएमएस', असे भारदस्त नाव आहे. मराठीत त्यास मेंदूचे चुंबकीय उद्दीपन म्हणता येईल. हा उपचार खरा की खोटा, असे कोणी विचारले तर त्याचे एका शब्दात उत्तर देता येत नाही, आणि फसगतीला जागा राहते ती नेमकी तेथेच. म्हणून या विषयाचा थोडा विस्ताराने परामर्श घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

चिंता कोणाला नसते? मुलीचे लग्न, मुलाची नोकरी, बोटीवर गेलेल्या घरधन्याचा न आलेला फोन, २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्यावर दारात उभ्या राहिलेल्या ट्रकांचे हप्ते, ही संसाराची चिंता झाली. तिला आजार म्हणता येणार नाही. तिच्यावरचे औषध डॉक्टरकडे नसते. असलेच तर ते पर्वरीला असते. परंतु कारण संपले तरी जी संपत नाही, कारण नसतानाही जी उठते, सहा-सहा महिने झोप, भूक आणि कामधाम यांचा ताबा घेऊन बसते, ती चिंता हा विकार होय. त्याचेच एक उग्र रूप म्हणजे भीतीचा झटका. एकाएकी छाती धडधडू लागते, श्वास कोंडतो, हातपाय गार पडतात, आता आपण मरणार असे वाटते आणि थोड्या वेळात सारे ओसरते. उरते ती पुढच्या झटक्याची धास्ती. मग बसमध्ये चढणे नको, जत्रेत जाणे नको, एकट्याने घरी राहणेही नको.

असा रुग्ण आपल्याकडे प्रथम हृदयरोगतज्ज्ञाकडे जातो. कार्डिओग्राम निर्दोष निघतो. मग पोटाचे डॉक्टर होतात, मग देवळात कौल होतो, मग घाडी होतो. दीष्ट काढून होते, नारळ ठेवून होतो. घरातील माणसे 'उगाच मनाला लावून घेतोस' असे म्हणून आपले कर्तव्य संपवतात. मनोविकारतज्ज्ञाचे दार सर्वांत शेवटी आणि तेही शेजाऱ्यापाजाऱ्यांची नजर चुकवून ठोठावले जाते. भारतात २०१७ साली चार कोटी ४९ लाख लोकांना चिंताविकार असावा, असा अंदाज 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री' या वैद्यकीय नियतकालिकाने २०२० मध्ये प्रसिद्ध केला. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आढळले ते याहून बोलके आहे. नैराश्य, चिंता यांसारख्या सर्वसामान्य मनोविकारांचे सुमारे ८५ टक्के रुग्ण उपचारांवाचूनच दिवस काढीत होते. एवढी मोठी पीडा आणि इतका तोकडा उपाय, अशी स्थिती असली म्हणजे नव्या यंत्राकडे लोकांचे डोळे लागावेत यात नवल नाही. गोळ्यांचा कंटाळा हेही त्याचे एक कारण आहे. कोणाला त्यांनी सुस्ती येते, कोणाचे वजन वाढते; आणि तात्काळ गुण देणाऱ्या काही गोळ्यांची तर सवयच जडते. तेव्हा या नव्या उपचाराची चौकशी करणाऱ्या माणसाला भोळसट म्हणून हिणवण्याचा अधिकार कोणासही नाही.

यंत्रामागील शास्त्र अस्सल आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या वाहकात विजेचा प्रवाह उत्पन्न होतो, हा शोध मायकेल फॅरडे याने १८३१ मध्ये लावला. आपल्या घरी येणारी वीज याच तत्त्वाची देणगी आहे. मेंदूच्या पेशी एकमेकींशी बोलतात त्याही विजेच्याच भाषेत. मग कवटीबाहेर चुंबकीय क्षेत्र झपाट्याने बदलले तर आतील पेशींत प्रवाह का उठू नये? हा प्रश्न शास्त्रज्ञांच्या मनात फार पूर्वी आला होता; परंतु तेवढा प्रबळ स्पंद निर्माण करणारे साधन इंग्लंडातील शेफील्ड येथे अँथनी बार्कर व त्यांचे सहकारी यांनी १९८५ मध्ये सिद्ध केले. त्यांनी माणसाच्या डोक्यावर, हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या भागावर, तारेचे वेटोळे धरले. स्पंद सोडताच त्याचा हात आपोआप हलला. ना कवटी उघडली, ना सुई टोचली. 'लॅन्सेट'मध्ये त्या वर्षी आलेल्या एका छोट्या टिपणाने मेंदूच्या अभ्यासाचे एक नवे दालन उघडले.

आजच्या यंत्रात याच कल्पनेचा विस्तार आहे. वेटोळ्याचा आकार बहुधा इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा असतो. त्यातून क्षणाच्या अत्यल्प अंशापुरता प्रचंड प्रवाह सोडला की दीड-दोन टेस्ला इतके, म्हणजे एमआरआय यंत्राच्या तोडीचे, चुंबकीय क्षेत्र उमटते आणि विरते. टकटक असा आवाज होतो, म्हणून कानांत बोळे घालावे लागतात. प्रत्येकाच्या मेंदूला किती जोराचा स्पंद लागतो हे ठरवण्यासाठी डॉक्टर आधी हाताचा अंगठा कोणत्या मात्रेला हलतो ते पाहतात. मग कपाळाच्या वरच्या बाजूस, मेंदूच्या पुढील भागावर, आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे चार ते सहा आठवडे हा मारा चालतो. रुग्ण पूर्ण जागा असतो आणि उठून आपल्या पायांनी घरी जातो. पूर्वीच्या 'शॉक'शी याची गल्लत करण्याचे कारण नाही. तेथे भूल देऊन मुद्दाम आकडी आणवली जाते, येथे आकडी येणे हा अपघात समजला जातो आणि तो हजारांत एकाहूनही कमी रुग्णांत घडतो. डोके दुखणे, टाळू हुळहुळणे हे त्रास मात्र पुष्कळांना होतात. डोक्यात धातूचा तुकडा, कानात रोपण केलेले श्रवणयंत्र किंवा अपस्माराचा पूर्वेतिहास असलेल्यांनी तर तज्ज्ञाला ते आधी सांगणे अत्यावश्यक.

जाता जाता एक सांगितले पाहिजे. फॅरडेच्या शोधाचे सारे मर्म 'बदलत्या' या शब्दात आहे. स्थिर चुंबक डोक्याला बांधून वर्षभर बसले तरी मेंदूत प्रवाह उठणार नाही. त्यामुळे चुंबकीय कडी, पट्टे, गाद्या आणि पाण्याचे पेले विकणारे लोक जेव्हा टीएमएसचा दाखला देऊन आपला माल खपवू पाहतात, तेव्हा ते शुद्ध थापा मारीत असतात.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. या यंत्राने कोणता विकार बरा होतो? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ मध्ये त्यास मान्यता दिली ती औषधाने न हटणाऱ्या नैराश्यासाठी. त्यानंतर दहा वर्षांनी, २०१८ मध्ये, मंत्रचळासाठी मान्यता मिळाली. पुन्हा पुन्हा हात धुणे, कुलूप ओढून पाहणे, नको ते विचार डोक्यात घोळत राहणे असा हा चिवट विकार. त्यासाठी शंभर रुग्णांवर जी चाचणी घेण्यात आली तिचे आकडे पाहण्यासारखे आहेत. खरे यंत्र लावलेल्यांपैकी ३८ टक्के रुग्णांत लक्षणीय सुधारणा दिसली. हुबेहूब आवाज करणारे परंतु निष्प्रभ यंत्र लावलेल्यांत ती ११ टक्के होती. २०२१ मध्ये आणखी एक पाऊल पडले. नैराश्याबरोबर येणाऱ्या चिंतेच्या लक्षणांसाठी या उपचाराचा वापर मान्य झाला.

वाचकांनी या शेवटच्या वाक्यातील शब्द नीट पारखावेत. नैराश्याबरोबर येणारी चिंता, असे तेथे म्हटले आहे. केवळ चिंताविकार किंवा केवळ भीतीचे झटके असलेल्या रुग्णासाठी त्या प्रशासनाने आजवर अशी मान्यता दिलेली नाही. मंत्रचळाची गणना पूर्वी चिंताविकारांत होत असे. २०१३ मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणाने त्याचा वर्ग वेगळा केला. हा सारा तपशील गाळून 'चिंतेवर मान्यताप्राप्त उपचार' एवढेच तीन शब्द जाहिरातीत छापले की सत्याला हात न लावताही असत्य सांगता येते. वकिलीला शोभणारी ही हातचलाखी वैद्यकाला शोभत नाही.

चिंताविकारावर प्रयोग झालेच नाहीत असे नव्हे. मेंदूच्या उजव्या पुढील भागावर सेकंदाला एक अशा संथ गतीने स्पंद दिले तर चिंता उतरते, असे काही चाचण्यांत आढळले आहे. पण त्या चाचण्या लहान आहेत. एकेकीत थोडेथोडकेच रुग्ण. त्यातून अडचण शरीररचनेचीही आहे. भीतीचे ठाणे समजली जाणारी बदामाच्या आकाराची 'अमिग्डला' मेंदूच्या खोल गाभ्यात आहे, आणि नेहमीच्या वेटोळ्याचा प्रभाव कवटीखाली दोन-तीन सेंटीमीटरांपलीकडे फारसा जात नाही. तेव्हा वरच्या थराला हलवून खालच्या ठाण्याला समज द्यावयाची, असा हा द्राविडी प्राणायाम आहे. तो साधणारच नाही असे आम्ही म्हणत नाही. तो साधतो हे अद्याप सिद्ध व्हावयाचे आहे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

निष्प्रभ यंत्राशी तुलना करण्यावर शास्त्रज्ञ इतका भर का देतात, हे समजण्यासाठी गोमंतकीयाला फार लांब जाण्याची गरज नाही. पणजीच्या जुन्या सचिवालयाशेजारी, एका स्त्रीवर हात पसरून उभा असलेला पाद्री रोज हजारो लोक पाहतात. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला आणि १९४५ मध्ये उभारलेला तो पुतळा आबे फारियांचा. १७५६ मध्ये कांदोळीला जन्मलेल्या या पुरुषाचे चरित्र कादंबरीला लाजविणारे आहे. पिंटोंच्या १७८७ च्या कटाशी त्यांचे नाव जोडले जाते, आणि अलेक्झांडर द्युमाने तर 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो'मध्ये त्यांना तुरुंगातला कैदी करून अमर केले. पण त्यांचे खरे कार्य निराळे आहे, आणि योगायोग असा की ते चुंबकाशीच निगडित आहे.

व्हिएन्नाहून पॅरिसला आलेल्या फ्रांझ मेस्मरने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात धुमाकूळ घातला होता. आरंभी तो रुग्णांच्या अंगाला खरोखरीचे लोहचुंबक लावी. पुढे चुंबकाचीही गरज उरली नाही, त्याच्या हातांतूनच 'प्राणिज चुंबकत्व' नावाचा अदृश्य द्रव वाहू लागला. लोक थरथरत, मूर्च्छित होत, आणि पुष्कळांना बरेही वाटे. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. तीत बेंजामिन फ्रँकलिन होते, लाव्हाझिए होते. समितीने एक नामी युक्ती केली. फ्रँकलिन यांच्या बागेतील एक झाड 'भारून' ठेवले आणि एका मुलाला डोळे बांधून झाडांमधून फिरवले. मुलगा मूर्च्छित पडला खरा, पण भलत्याच झाडाखाली! द्रव नाही, कल्पनेचा प्रभाव आहे, असा निर्वाळा समितीने दिला आणि विषय मिटवला.

फारियांनी तो मिटू दिला नाही. १८१३ पासून पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग करून त्यांनी दाखवले की मोहनिद्रेचे कारण चुंबकात नाही, प्रयोग करणाऱ्याच्या हातांतही नाही. ते ज्याला निद्रा येते त्याच्याच मनात आहे. सूचना, एकाग्रता आणि विश्वास यांची ती करणी. १८१९ मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षी ते दारिद्र्यात वारले. समिती जेथे 'केवळ कल्पना' म्हणून थांबली, तेथे या गोमंतकीयाने 'मग कल्पनेत एवढी शक्ती येते कोठून' असे विचारले. लिस्बनला राणीसमोर प्रवचनाला उभे राहताच तरुण फारियांची वाचा बसली आणि पित्याने 'कातर रे भाजी' एवढे कोकणीत पुटपुटताच ती मोकळी झाली, ही आख्यायिका गोव्यात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. आजच्या डॉक्टरांनी त्या प्रसंगाला चिंताविकाराचा एक प्रकार म्हटले असते. उपचार मात्र तीन शब्दांचा होता आणि फुकट होता.

चिंताविकाराचा रुग्ण हा सूचनेला सर्वांत लवकर वश होणारा रुग्ण असतो. ज्या मनाला 'काहीतरी वाईट होणार' ही सूचना इतकी बाधते, त्याच मनाला 'आता बरे होणार' ही सूचनाही लागू पडते. चकचकीत दालन, पांढरे डगले, डोक्यावरची टकटक, रोजची भेट आणि कोणीतरी आस्थेने केलेली विचारपूस, एवढ्यानेच त्याला पुष्कळ उतार पडू शकतो. मग गुण चुंबकाचा की विश्वासाचा, हे निष्प्रभ यंत्रावाचून कळणार कसे? कोणी म्हणेल, कळण्याची गरजच काय. रुग्णाला बरे वाटल्याशी कारण! हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. परंतु विश्वासाने जे साधते त्याची किंमत यंत्राच्या दराने का वसूल व्हावी? आणि ज्याला तीस बैठकांनंतरही उतार पडत नाही त्याचे काय? गोळी चालली नाही, देव पावला नाही, आता विज्ञानाचे शेवटचे यंत्रही हरले, तेव्हा आपला आजार असाध्यच, असा निष्कर्ष तो काढतो. चिंतेने पिचलेल्या माणसाच्या मनात हा निष्कर्ष रुजणे किती घातक, हे सांगावयास नको.

एका बैठकीचा आकार हजारांच्या हिशेबात आणि बैठका वीस-तीस. काणकोण किंवा सत्तरीच्या एखाद्या खेड्यातील रुग्णाने आठवड्यातून पाच दिवस शहर गाठावयाचे, सोबतीला घरातील एक कमावते माणूस आणावयाचे, आणि तेही बसमध्ये चढण्याचीच ज्याला धास्ती त्याने! या कुटुंबांनी सोनेनाणे मोडून ज्या उपचाराकडे धाव घ्यावी, तो त्यांच्या विकारावर सिद्ध झालेला नाही, हे त्यांना कोण सांगणार?

आणि सिद्ध झालेला उपाय तर याच भूमीत आहे. 'संगात' ही संस्था गोव्यात १९९६ पासून काम करते. तिच्या पुढाकाराने शासकीय प्राथमिक आरोग्य केंद्रांत व खाजगी डॉक्टरांच्या दवाखान्यांत 'मानस' नावाची एक मोठी चाचणी झाली. डॉक्टर नसलेल्या, परंतु रीतसर शिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी नैराश्य व चिंता यांच्या रुग्णांशी बोलावयाचे, आजार समजावून सांगावयाचा, पाठपुरावा करावयाचा, लागतील तेथे डॉक्टरांनी औषधे द्यावयाची, अशी तिची योजना. २०१० मध्ये तिचे निष्कर्ष त्याच 'लॅन्सेट'मध्ये आले. शासकीय केंद्रांत समुपदेशन मिळालेल्यांपैकी सुमारे ६६ टक्के रुग्ण सहा महिन्यांत सावरले. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के होते. खाजगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. तेथील नेहमीच्या उपचारानेच तितके रुग्ण बरे होत होते. एवंच ज्याला खाजगी डॉक्टर परवडत नाही, नेमका त्यालाच या योजनेचा लाभ झाला. जगभरच्या विद्यापीठांत या प्रयोगाचे दाखले दिले जातात. आपल्या आरोग्य केंद्रांत जाणाऱ्या बाईला मात्र त्याचे नावही ठाऊक नसते.

याचा अर्थ यंत्र नको असा नव्हे. ज्यांचे नैराश्य दोन-दोन औषधांना दाद देत नाही, मंत्रचळाने ज्यांचा संसार मोडकळीस आला आहे, त्यांच्यासाठी ते शासकीय रुग्णालयात, माफक दरात किंवा मोफत उपलब्ध असलेच पाहिजे. कॅनडात ४१४ नैराश्यग्रस्तांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन मिनिटांची नवी पद्धत साडेसदतीस मिनिटांच्या जुन्या पद्धतीच्या तोडीस तोड ठरली. एकाच यंत्रावर दिवसाकाठी कितीतरी अधिक रुग्ण होऊ शकतात, असा याचा अर्थ. आणि सार्वजनिक रुग्णालयाला याहून मोलाची बातमी कोणती? आल्तिन्होवरील जुन्या मनोरुग्णालयाला आबे फारियांचे नाव होते. बांबोळी येथील मनोविकार व मानवी वर्तन संस्था ही त्याची वारस. चिंताविकारावर या यंत्राची मोठी, निष्प्रभ यंत्राशी तुलना करणारी चाचणी बंगळूरच्या 'निमहान्स'सारख्या संस्थेच्या साहाय्याने तेथे झाली, तर त्या नावाचे थोडे ऋण फिटेल. अशा चाचणीत रुग्णाकडून पैसा घ्यावयाचा नसतो, हे खाजगी चिकित्सालयांनीही ध्यानात ठेवावे.

तोवर खाजगी चिकित्सालयांवर काही बंधन हवे, आणि त्यासाठी नवा कायदा करण्याचीही गरज नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या बाविसाव्या कलमाने रुग्णाला आपल्या आजाराची, सुचवलेल्या उपचाराची आणि त्याच्या दुष्परिणामांची माहिती मिळण्याचा हक्क दिला आहे, आणि तीही त्याला कळेल अशा भाषेत. तेव्हा टीएमएस देणाऱ्या प्रत्येक चिकित्सालयाने, तुमच्या या विकारावर उपचाराची उपयुक्तता सिद्ध आहे की अद्याप तपासली जात आहे, हे मराठीत किंवा कोकणीत छापलेल्या कागदावर रुग्णाला पहिल्या बैठकीपूर्वी द्यावे, असा आदेश आरोग्य खात्याने काढावा. इंग्रजीतील बारीक टंकाच्या संमतीपत्रावर घाबरलेल्या माणसाची सही घेणे म्हणजे माहिती देणे नव्हे.

दूरध्वनीवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणारी केंद्र सरकारची 'टेलि-मानस' सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. तो प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर ठळक अक्षरांत रंगवण्यास किती खर्च येईल? आणि 'मानस'च्या चाचणीला इतकी वर्षे लोटल्यावर आज राज्यातील किती आरोग्य केंद्रांत शिकवून तयार केलेला समुपदेशक रोज बसतो, किती रुग्ण त्याच्याकडे येतात आणि त्यांपैकी किती सावरतात, हा प्रश्न एखाद्या आमदाराने येत्या अधिवेशनात विचारावा. उत्तर आकड्यांत मागावे, आणि ते तालुकावार मागावे.